स्थळ नावाचा क्लास

“या फाईलला हात लावायचा नाही,” असं म्हणून सुकुमारनं लॅपटॉपचं झाकण इतक्या जोरात आपटलं की माझी बोटं थोडक्यात वाचली.

“हात कुठं लावला? बघतेय फक्त.”

“बघायचं पण नाही. दृष्ट लागते.”

दृष्ट लागावी असं त्या फाईलीत काहीही नव्हतं. वरून खाली जायचं तर माउसचं चाक फिरवून बोट दुखायचं, एवढी ती लांब. कोल्हापुरात, शाहूपुरीत, टायरच्या दुकानाच्या माडीवर आमची तिघांची कंपनी होती. मालक इंगवले सर, सुकुमार मगदूम आणि मी. कंपनीचा सगळा कारभार त्या एका फाईलवर चालायचा. ती सुकुमारनं लिहिलेली, आणि तिच्यात कुठं काय आहे हे फक्त त्यालाच ठाऊक. लोक नोकरी टिकवायला साहेबांची हांजी हांजी करतात. सुकुमार फाईल वाढवायचा.

आमचं मोठं गिऱ्हाईक एकच, नलूकाकी. त्यांचं वधू-वर सूचक केंद्र होतं आणि जोडीला मंगल कार्यालयांचं बुकिंग. मुलगी पण त्याच दाखवणार आणि मांडव पण त्याच देणार. त्यांचं ॲप आम्ही चालवायचो. मोबाईलवर कुणी बटण दाबलं की ती मागणी आमच्याकडं एका ठराविक पत्त्यावर येते. या पत्त्याला आमच्यात रूट म्हणतात. तिथं एक फंक्शन, म्हणजे तेवढ्या कामाच्या सूचनांचा तुकडा, बसलेलं असतं, ते उत्तर देतं. मुलाचा फोटो बदलायचा एक पत्ता, पत्रिकेचा एक, नकाराचा एक, कार्यालयातल्या जेवणाचा एक. सुकुमारनं हे सगळे पत्ते एकाखाली एक, सुचतील तसे लिहून काढले होते. त्यामुळं व्हायचं काय, तर एकदा मी जेवणात बासुंदीच्या जागी श्रीखंड केलं आणि नवऱ्या मुलांचे फोटोच दिसायचे बंद झाले.

त्या दिवशी सर वैतागले. “हे काय बरोबर न्हाई गड्या. श्रीखंडाचा आणि पोरांच्या तोंडाचा संबंध काय? रेवती, तू पुण्यात काम करून आलीयास. सांग की काहीतरी.”

मी सांगायला टपलेलीच होते. फळा पुसला आणि सुरू झाले. एका कामाचे सगळे पत्ते एका क्लासमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या एका कप्प्यात, घालायचे. लॉगिन झालंय का बघणं, डेटाबेस उघडणं, ही सगळ्यांना लागणारी कामं क्लासच्या डोक्यावर एकदाच लिहायची, प्रत्येक फंक्शनात परत परत नाही. आत प्रत्येक कामाचं एक फंक्शन. क्लासचं नाव आणि फंक्शनचं नाव जोडलं की झाला पत्ता तयार. अशा क्लासला कंट्रोलर म्हणतात.

“कंट्रोलर एसटी स्टँडावर असतो,” सुकुमार मागून म्हणाला. “गाडी का आली नाही विचारलं की खिडकी लावून घेतो.”

“तुमच्या फाईलीत तर खिडकीच नाही सुकुमार, नुसता बोळ आहे.”

“बोळात माणसं एकमेकांना ओळखतात.”

सरांनी दोघांना गप्प केलं आणि निकाल दिला. क्लास करायचे. पण फाईल सुकुमारची, तेव्हा फोडायची सुकुमारनंच. मी फक्त नियम सांगायचा. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पत्त्यातला पहिला शब्द एक, तर क्लास एक.

सुकुमारनं तो नियम असा वाचला, जशी लहान मुलं औषधाच्या चमच्याकडं बघतात. मग म्हणाला, “अगदी असंच करतो. तुझ्या शब्दाबाहेर नाही.”

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण तेव्हा सुकुमारचं निम्मं लक्ष भलतीकडंच होतं, आणि आमचंही.

सुकुमारचं लग्न जमत नव्हतं. गेली काही वर्षं तो स्वतःच नलूकाकींच्या केंद्रात नाव घालून बसला होता. हातकणंगल्याचा, घरचं बरं, पोरगा निर्व्यसनी. पण मुलींकडून नकार येत राहायचे. ‘टायरच्या दुकानाच्या माडीवर असतो’ हे ऐकलं की मुलींच्या बापांना वाटायचं हा पंक्चर काढतो. नकार यायचा तोही आमच्याच ॲपमधून. आधी त्यात नुसतं ‘नापसंत’ एवढंच जायचं. दोन-चार वेळा ते स्वतःच्या फोनवर वाचल्यावर सुकुमारनं कुणाला न विचारता तो मजकूर बदलून टाकला. नवीन मजकूर असा होता: ‘आपलं स्थळ चांगलं आहे, पण योग दिसत नाही. मन वाईट करून घेऊ नये.’ नलूकाकींना तो इतका आवडला की त्या म्हणाल्या, “आता नकार घ्यायला पण बरं वाटतंय बघ लोकांना.” पुढचे सगळे नकार सुकुमारला स्वतःच्याच शब्दांत येत गेले.

आणि त्याच आठवड्यात जयसिंगपूरची एक मुलगी त्याला भेटायला तयार झाली होती. त्रिशला अक्कोळे, शाळेत शिक्षिका. बघायचा कार्यक्रम करून सुकुमार परत आला आणि टेबलाशी बसून उगाचच हसायला लागला.

“काय बोलली?” मी विचारलं.

“चहा गोड झालाय म्हणाली.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, नकाराचा मजकूर मी लिहिलाय.”

मी कपाळाला हात लावला. “पहिल्या भेटीत तुम्ही मुलीला नकाराचा मजकूर ऐकवलात?”

“अगं, ती हसली. म्हणाली, शेवटचं वाक्य छान आहे. रविवारी कळवते म्हणाली.” मग आवाज बारीक करून म्हणाला, “रेवती, ही नाही म्हणाली ना, तर मी नाव काढून घेणार केंद्रातनं. बास झालं आता.” एरवी मी त्यावर काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी नाही मारला.

तर शुक्रवारी सुकुमारनं क्लास करून चालू केले. मी वरवर बघितलं, सगळं फळ्यावरच्या नियमासारखं दिसत होतं. माझ्या डोक्यात नव्हतं ते एवढंच, की नलूकाकी ‘स्थळ’ हा शब्द दोन्हीकडं वापरायच्या. मुलगी बघायला माणसं आली तरी ‘स्थळ बघायला आलेत’, आणि कार्यालय बघायला आली तरी ‘स्थळ बघायला आलेत’. लग्नाचं स्थळ ते आणि लग्न जिथं लागतं तेही स्थळच. सुकुमारनं पहिल्यापासून पत्त्यांत त्यांचेच शब्द घातले होते. जुन्या बोळात ते चालून गेलं, कारण तिथं प्रत्येक पत्ता पुढं शेपूट लावून वेगळा काढलेला होता. आता माझा नियम. पहिला शब्द एक, तर क्लास एक. शेपटं छाटली आणि सुकुमारनं दोन्ही स्थळं एका क्लासमध्ये कोंबली. मला धडा शिकवायचा म्हणून मुद्दाम, हे त्यानं नंतर कबूल केलं. मुली आणि मांडव एकाच क्लासमध्ये दिसतील, मी येऊन भांडेन, मग तो म्हणेल ‘तुझाच नियम’. भांडायचं राहिलं, कारण माझ्या ते लक्षातच आलं नाही.

शनिवारी एका कार्यालयाच्या मालकांत भावाभावांचं वाजलं आणि धाकट्यानं दाराला कुलूप घातलं. नलूकाकींनी घरी बसून त्या कार्यालयाची पुढची सगळी बुकिंगं रद्द करत आणली. एकेका बुकिंगवर रद्द, रद्द, रद्द.

सोमवारी सकाळी मी जिना चढतेय तोवर फोन. नलूकाकी.

“पोरी, कसली साथ आलीय गं केंद्रात? शनिवारपासनं समदी पोरं समद्या पोरींना नको म्हणायलीत! मुलींचे बाप शिव्या घालायलेत मला. आणि गडहिंग्लजची वरात बँड घिऊन कुलपाम्होरं हुबी ऱ्हायली, त्यांना कुणी रद्द म्हणून कळीवलंच न्हाई!”

वर आले तर सुकुमार आधीच येऊन बसलेला. त्याचा चेहरा बघून मी बॅगही खाली ठेवली नाही.

“दोन ‘रद्द’ आहेत,” तो म्हणाला.

एकाच क्लासमध्ये रद्द नावाची दोन फंक्शनं. वरचं कार्यालयाचं, खालचं मुलाकडून नकार देण्याचं. आणि आम्ही लिहितो त्या भाषेची, पायथॉनची, एक खोड आहे. एका क्लासमध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं दिलीत तर ते तक्रार करत नाही, भांडत नाही. आधीचं टाकून देतं, नंतरचं ठेवतं आणि गप्प बसतं. काकी बुकिंगचा नंबर देत गेल्या, आणि पायथॉन त्याच नंबरांच्या स्थळांना मुलाकडून नकार देत गेलं. गोड शब्दांत, मन वाईट करून घेऊ नये म्हणत.

“त्या नंबरांत तुमचं आहे?” मी विचारलं.

सुकुमारनं मान डोलावली. आयुष्यभर दुसऱ्यांचे नकार खाल्लेल्या माणसानं पहिला नकार दिला होता, तोही झोपेत, आणि नेमका तिला. मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

“फोन लावा तिला.”

“कालपासनं लावतोय. उचलत नाही.”

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. हातात हेल्मेट, खांद्याला शाळेची पर्स, घामानं कपाळाला चिकटलेले केस. दारातच उभी राहून तिनं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं आणि सुकुमारवर थांबली. त्रिशलाच होती, हे सांगायला नको.

“ऐकून घ्या,” ती म्हणाली आणि फोन काढून खणखणीत आवाजात वाचलं, “आपलं स्थळ चांगलं आहे, पण योग दिसत नाही. मन वाईट करून घेऊ नये. हे वाक्य तुमचंच ना?”

“माझंच,” सुकुमार म्हणाला.

“मग झालं तर! नकार द्यायचा तुमचा हक्क आहे, पण तोंड आहे ना तुम्हाला? माझ्यासमोर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, ज्या मजकुराची शेखी मिरवलीत तोच मला धाडला? मी अर्धी सुट्टी टाकून एवढंच सांगायला आलेय, की मी रविवारी होकार दाबणार होते. बरं झालं वाचले.”

सुकुमार उठला, बसला, परत उठला. त्याला म्हणायचं असणार ‘मी नाही पाठवला’. त्याच्या तोंडातून बाहेर पडलं ते असं: “ते ओव्हरराइड झालं.”

“काय झालं?”

“मेथड. एकाच क्लासमध्ये दोन...”

“अहो सुकुमार,” मी ओरडले, “माणसासारखं बोला!”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि मग जे केलं ते मी त्या ऑफिसात कधी बघितलं नव्हतं. त्यानं लॅपटॉप उचलला, तिच्यासमोर ठेवला आणि झाकण उघडलं. “बघा,” म्हणाला. “सगळंच बघा. हे वरचं ‘रद्द’ कार्यालयाचं. हे खालचं तुमचं. म्हणजे आपलं. नाव एकच. कार्यालय रद्द करायला गेलं की खालचंच चालतं.”

त्रिशला उभ्यानंच वाचत होती. आत लिहिलेलं तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण तोच शब्द दोनदा आलाय हे कुणालाही दिसलं असतं.

“माझ्या सातवीच्या वर्गात दोन सन्मती आहेत,” ती म्हणाली. “हजेरीला नुसतं सन्मती म्हटलं तर दोघंही ओ देतात.”

“इथं नंतरचाच ओ देतो.”

“आणि पहिला?”

“पहिला वर्गात नसतोच मग.”

“म्हणजे पहिल्याला हाक मारली आणि दुसऱ्याला छडी बसली.”

“हो,” सुकुमार म्हणाला. “आणि छडी तुम्हाला लागली.”

ती खुर्चीवर बसली. हेल्मेट मांडीवर घेतलं. राग उतरला होता असं नाही, पण तो आता सुकुमारवरून सरकून लॅपटॉपवर गेला होता.

“मला पटलं,” ती म्हणाली, “पण बाबांना कसं पटवू? त्यांनी सकाळीच सांगलीच्या स्थळाला फोन लावला. ते संध्याकाळी घरी येणार आहेत. बाबा म्हणतात काकींकडून आलं तेच खरं. तुम्ही घरी येऊन सांगितलंत तर म्हणतील, स्वतः नाही म्हणाला आणि आता मशीनवर ढकलतोय.”

“मग काकींकडूनच परत पाठवू,” मी म्हटलं.

“नाही पाठवता येत,” सुकुमार म्हणाला. “नकार मागं घ्यायचा पत्ताच नाहीये. मी लिहिलाच नाही. काकींचा नियम आहे.”

मी काकींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकी ठाम होत्या. “एकदा न्हाई म्हणजे न्हाई. न्हाईतर लोक रोज मन बदलतील, माझं केंद्र हाय का गिरणी?”

“काकी, तो नियम माणसांच्या नकाराला. हा नकार कुणी माणसानं दिलेलाच नाही.”

“मग कुणी दिला?”

“कार्यालयानं.”

काकी म्हणाल्या, “मंगल कार्यालयानं पोरगी नाकारली?” आणि इतक्या जोरात हसल्या की त्रिशलानंही तोंडावर रुमाल धरला. “करा बाबांनो काय ते. पण समद्याच पोरींचं निस्तरा, एकट्या सुकुमारचं नगं.”

मग सुकुमार लिहायला बसला. आधी दोन क्लास वेगळे केले. कार्यालयांच्या क्लासला नाव दिलं मांडव, आणि मुला-मुलींच्या क्लासला ठेवलं स्थळ. माझा फळ्यावरचा नियम त्यानं स्वतः पुसला आणि लिहिलं: काम एक, तर क्लास एक. ते माझ्या नियमाहून बरोबर होतं. मग चुकून गेलेले सगळेच नकार मागं घ्यायला ‘फेरविचार’ नावाचा नवा पत्ता केला. त्रिशला शेजारी बसून बघत होती, मधेच विचारत होती.

“म्हणजे आता या फेरविचारातून तुमचा होकार गेला की आधीचा नकार पुसणार?”

“पुसणार.”

“गुपचूप?”

“तुम्ही म्हणत असाल तर बोंब मारून.”

सर मधे येऊन बघून गेले. काही न विचारता तिघांसाठी चहा सांगितला आणि जिन्यातच उभे राहून बिडी ओढत राहिले.

सगळं तयार झालं. सुकुमारचं बोट बटणावर गेलं, तेवढ्यात त्रिशला म्हणाली, “थांबा. होकाराला काय मजकूर जातो?”

सुकुमारचं बोट तिथंच थांबलं. “जातो काहीतरी.”

“वाचा की.”

तो वाचेना, म्हणून मीच वाकून वाचलं. तिथं लिहिलं होतं, ‘स्टेटस अपडेटेड.’ बस.

“हे कुणी लिहिलं?” त्रिशलानं विचारलं.

“मीच.”

“नकाराला एवढं गोड, आणि होकाराला हे?”

सुकुमार कीबोर्डकडं बघत म्हणाला, “नकार येत होते, म्हणून मजकूर बरा करत गेलो. होकार कधी आलाच नाही. तो कसा असावा हे मला माहीत नव्हतं.”

मला एकदम भरून आलं. इतके महिने त्या माणसाशी मी बोळ आणि खिडक्यांवरून भांडत होते. मी चहाचे कप उचलायचं निमित्त काढून पाठ फिरवली, कारण त्रिशलाचेही डोळे काही धड दिसत नव्हते आणि तिघांनी एकाच वेळी रडणं त्या माडीवर शोभलं नसतं.

“मी सांगते,” ती म्हणाली. “लिहा. पसंत आहे.”

सुकुमारनं टाइप केलं. “पुढं?”

“बाकीचं तोंडानं बोलू.”

त्यानं तेही टाइप केलं, चालू केलं आणि बटण दाबलं. आम्ही तिघं तिच्या फोनकडं बघत बसलो, खाली टायरवाल्याचा हवेचा पंप धडधडत होता. निरोप तिच्या आणि तिच्या बाबांच्या, दोन्ही फोनवर पोचला आणि लगेच तिचा फोन वाजला. बाबा.

“हो,” ती म्हणाली. “हो, आलंय. नाही, सांगलीच्यांना नाही म्हणून सांगा, पण तुम्ही स्वतः फोन करून सांगा, ॲपवरून नको.” मग तिनं सुकुमारकडं बघितलं. “आहेत, इथंच आहेत. देऊ का? अहो, बोलतील की. तोंड आहे त्यांना.”

तिनं फोन सुकुमारच्या हातात दिला. पुढं पाच मिनिटं तो नुसतं ‘हो मामा, हो मामा’ म्हणत होता. पण म्हणत होता.

याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी सहावीत आहे आणि बापाच्या फाईलींना नावं ठेवते. काकींचं केंद्र त्यांच्या सुनेनं मोठं केलं, आमचे क्लासही वाढले. नवीन मुलं कामाला लागतात, सगळे मजकूर एकाच साच्यात बसवायला उत्साहानं निघतात. त्यांतलं कुणीतरी स्थळ नावाच्या क्लासपाशी, होकाराच्या त्या ओळीपाशी अडतं आणि माझ्याकडं येतं, मॅडम हे काय आहे विचारायला. त्या ओळीच्या वर सुकुमारनं आणखी एक ओळ लिहून ठेवली आहे. पायथॉन ती वाचत नाही, ती फक्त माणसांसाठी असते.

‘इथं हात लावायचा नाही. घरी विचारतात.’